शिवणी ते बेलोरा : सत्तर किलोमीटरचा हिशेब

अकोल्याचा एक तरुण कार्यकर्ता मध्यंतरी भेटला. जयभीम झाला, चहा आला आणि त्याने एकदम विचारले, "भाऊ, आपल्या शिवणीच्या विमानतळापासून अमरावतीचं विमानतळ किती दूर हाय?" आम्हाला वाटले, पोराला कुठे तरी उडायचे आहे. तसे काही नव्हते. त्याच्या वस्तीत वाद पेटला होता. एक गट म्हणत होता, अमरावतीला विमान आले, आता अकोल्याला आलेच पाहिजे, नाही तर हा अकोल्यावर अन्याय. दुसरा गट म्हणत होता, दोन तासांवर एक विमानतळ असताना दुसरा कशाला? आणि दोन्ही गट आपलेच. दोन्हीकडे निळी टोपी.

आम्ही त्याला सरळ उत्तर दिले. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर शिवणी ते बेलोरा सत्तर किलोमीटर. रस्त्याने जायचे तर बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, लोणी, बडनेरा करीत आणि मग यवतमाळच्या रस्त्याला लागून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. अमरावतीला जे लहान विमान येते ते एकदा उंचीवर गेले की तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे सत्तर किलोमीटर तोडायला त्याला आठ-नऊ मिनिटे. चहा थंड होण्याआधी पोचेल. अर्थात या दोन धावपट्ट्यांच्या मध्ये विमान कोणी उडवत नाही आणि उडवणारही नाही.

पोरगा हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वऱ्हाडातल्या या दोन शहरांमधले अंतर विमानाने आठ मिनिटांचे, मोटारीने दीड-दोन तासांचे, लाल डब्याने अडीच तासांचे आणि ज्याच्या गावाला लाल डबाच येत नाही त्याचे अर्ध्या दिवसाचे. जमीन तीच, किलोमीटर तेवढेच. कोण चालला आहे यावर वेळ ठरतो. सरकार दरबारी यांपैकी कोणाचा वेळ मोजला जातो, हे या निमित्ताने तपासून पाहावे असे आम्हाला वाटते.

आधी या दोन विमानतळांची कुंडली पाहू. (कुंडली हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, विमानाच्या पहिल्या उड्डाणालाही नारळ फोडणाऱ्यांचा हा देश आहे.) अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. अमरावतीची बेलोऱ्याची १९९२ सालची. अकोल्याची धावपट्टी वयाने जवळजवळ पन्नास वर्षांनी मोठी, पण आखूड. चौदाशे मीटरच्या आसपास. ती अठराशे मीटरपर्यंत वाढवायची म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची साठ हेक्टरांहून अधिक जमीन विमानतळाकडे देण्यात आली. आणखी काही खासगी जमीन लागत होती आणि त्या तुकड्यावर घोडे वर्षानुवर्षे अडून राहिले. तिकडे बेलोऱ्याची धावपट्टी १३७२ मीटरची १८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचे पहिले प्रवासी विमान तिथे उतरले. मुख्यमंत्री आले, उपमुख्यमंत्री आले, केंद्रीय मंत्री आले. दोनच दिवसांपूर्वी अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी लाखोंचा मेळा भरून ओसरला होता. त्या मेळ्यातले किती जण त्या विमानात बसले असतील, हा हिशेब वाचकांनीच करावा.

बेलोऱ्याला धावपट्टी बांधल्यापासून प्रवासी विमान यायला तेहतीस वर्षे लागली. मुंबई-अमरावती हा हवाई प्रवास पावणेदोन तासांचा. तेहतीस वर्षे आणि पावणेदोन तास, असे हे गणित आहे.

आता कोणी म्हणेल, इतक्या जवळ दोन विमानतळ कायद्यात बसतात का? केंद्राच्या २००८ सालच्या धोरणाप्रमाणे चालू नागरी विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत कोरा नवा विमानतळ काढायचा असेल, तर केंद्र सरकार त्याचा वेगळा विचार करते. पण शिवणी आणि बेलोरा या दोन्ही जुन्याच धावपट्ट्या, त्यामुळे ते कलम इथे आड येत नाही. विमान वाहतूक आणि विमानतळ हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत, २९ व्या नोंदीत आहे. म्हणजे निर्णय दिल्लीचा, जमीन वऱ्हाडातली, मागणी मुंबईच्या विधानभवनात. आपल्या माणसाने अर्ज कोणाकडे करायचा?

अकोल्याच्या गटाची तक्रार खोटी नाही. वऱ्हाडाचा अनुशेष हा काही भाषणातला शब्द नव्हे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो आकड्यांत मांडला. संविधानाच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ आले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली, तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत. मुंबई अकोल्यापासून रेल्वेने ५८४ किलोमीटर, बडनेऱ्यापासून ६६३. मंत्रालयात एका सहीसाठी जाणाऱ्या माणसाच्या दोन रात्री गाडीत जातात. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांविषयी लिहिताना मराठी मुलखाची तीन राज्ये आणि मुंबईचे वेगळे राज्य सुचवले होते. राज्यकर्ता जनतेपासून फार दूर नसावा, हा विचार त्यांना परका नव्हता. म्हणून विमानतळाची मागणी ही केवळ श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून आम्ही ती झटकून टाकणार नाही.

उलट आमच्यातल्या काही साध्याभोळ्या मंडळींना विमान म्हटले की ते शेठजींचेच वाटते, त्यांना आम्ही दोन गोष्टींची आठवण देऊ इच्छितो. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेबांसह दिल्लीहून नागपूरला आले ते विमानाने. प्रकृती साथ देत नव्हती, रेल्वेचा प्रवास झेपणारा नव्हता. आणि त्याच दिवसांत वऱ्हाडातून, अकोल्याहून, अमरावतीहून, मूर्तिजापूर-दर्यापूरच्या खेड्यांतून आमचे आजे-पणजे पांढरी वस्त्रे गाठोड्यात बांधून निघाले ते बैलगाडीने, आगगाडीच्या दारात लोंबकळत आणि पायी. बाप आकाशातून आला, लेकरे जमिनीवरून आली आणि १४ ऑक्टोबरला दोघांची गाठ एकाच मैदानावर पडली. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरच्या रात्री त्याच बापाचे पार्थिव दिल्लीहून विमानानेच मुंबईला आणावे लागले. सांताक्रूझला पहाटे विमान उतरले तेव्हा बाहेर किती लोक उभे होते, हे ज्यांनी पाहिले ते सांगत सांगत गेले. विमानाशी आमचे नाते असे आहे. ते कोणा शेठजीच्या बापाचे नाही.

त्याही आधीची एक गोष्ट अमरावतीचीच. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पुढे होता आणि बाबासाहेब अध्यक्ष होते. त्याच वेळी मुंबईत त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारले आणि ती वार्ता बाबासाहेबांना अमरावतीत कळली. त्या काळी मुंबई-अमरावती म्हणजे आगगाडीची सबंध रात्र आणि वर बडनेऱ्याला गाडी बदलणे. तार धावत आली, माणूस तसा धावत जाऊ शकत नव्हता. परिषदेने दुखवटा व्यक्त केला आणि काम पुढे चालवले. आज आम्ही मुंबई किती तासांवर आहे याच्या गप्पा मारतो तेव्हा तो दिवस डोळ्यांपुढे येतो. अंतराची किंमत आमच्या चळवळीने फार लवकर मोजली आहे.

तर विमान यावे, याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे.

पहिला वाद जमिनीचा. विमानतळ वाढतो तो शेतावर वाढतो. शेत ज्याच्या नावावर त्याला मोबदला मिळतो. कमी मिळाला तर तो कोर्टात जातो, मोर्चा काढतो, पुढारी त्याच्या बांधावर जातात. ते योग्यच आहे. पण त्या शेतात निंदण, वेचणी, फवारणी करणारा जो मजूर होता त्याचे काय? वऱ्हाडात तो मजूर बहुतेक कोणत्या वाड्यातला असतो हे आम्ही सांगायची गरज नाही. १८९४ च्या इंग्रजी भूसंपादन कायद्याला तो दिसतच नव्हता. २०१३ च्या नव्या कायद्याने मात्र त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. संपादनाच्या आधी तीन वर्षे ज्याची उपजीविका त्या जमिनीवर होती तो भूमिहीन मजूर, तो कूळ, तो बटाईदारही 'बाधित कुटुंब' आहे, असे कायद्यात लिहिले. चांगले लिहिले. पण पुढे थेट खरेदीची पद्धत रूढ झाली. सरकार आणि सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार समोरासमोर बसतात, भाव ठरतो, खरेदीखत होते. या बैठकीत मजुराला खुर्ची नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, विहिरीची असते, झाडाचीही असते. वेचणाऱ्या बाईची नसते.

शिवणीच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. विद्यापीठाने विमानतळाला दिलेली जमीन ही काही विद्यापीठाला आकाशातून मिळालेली नव्हती. १९६९ साली विद्यापीठ आले, शेते गेली, माणसे प्रकल्पग्रस्त झाली आणि त्यांची मुलेबाळे नोकरीसाठी अर्ज घेऊन हिंडत राहिली. आता तीच जमीन दुसऱ्यांदा हात बदलते आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर रोजंदारीने राबणाऱ्यांचा रोज या व्यवहारात कुठे गेला, हे विचारणारा एकही पत्रक काढणारा नेता आम्हाला दोन्ही गटांत दिसला नाही. अकोल्याला विमान हवे म्हणणाऱ्यांनीही नाही आणि नको म्हणणाऱ्यांनीही नाही.

दुसरा वाद नोकरीचा. इथे जरा थांबून बोलले पाहिजे, कारण खाउजाचा, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या त्रिकुटाचा खरा डाव इथेच आहे. विमानतळ म्हटला की पुढारी हजारो रोजगार सांगतात. कोणते रोजगार? भारतीय विमानतळ प्राधिकरण ही सरकारी संस्था, तिथे संविधानाच्या १६(४) प्रमाणे आरक्षण आहे. पण मोठमोठे विमानतळ एकामागून एक खासगी उद्योगसमूहांकडे गेले. मुंबईचा विमानतळ २०२१ मध्ये अदानींच्या हाती गेला. एअर इंडियात सरकारी मालकी होती तोवर आमची मुले-मुली राखीव जागेवर लागत. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांकडे गेली आणि त्या दिवसापासून भरतीतले आरक्षणाचे बंधनही गेले. कोणी आरक्षण रद्द केल्याचा ठराव केला नाही, संसदेत चर्चा झाली नाही, संविधानाचे एक अक्षर बदलले नाही. मालक बदलला, एवढेच. संविधान न जाळता ते निकामी कसे करता येते, त्याचा हा नमुना.

अमरावतीला येणारी अलायन्स एअर मात्र एअर इंडिया विकली गेली तेव्हा सरकारकडेच राहिली. म्हणजे बेलोऱ्याला उतरलेले पहिले विमान हे आरक्षणाच्या कक्षेतल्या कंपनीचे! आमच्या लोकांनी स्वागताचे हार घालण्याआधी हे विचारायला हवे होते, की या कंपनीत कायम नोकऱ्या किती, मुदतीच्या कंत्राटावर किती आणि बिंदुनामावली कोणती? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. एक अर्ज दहा रुपयांचा. हार त्याहून महाग पडतो.

त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण केंद्र काढायचे २०२४ साली जाहीर केले. तीस वर्षांचा करार, चौतीस विमाने, वर्षाला १८० वैमानिक. जमीन सरकारी कंपनीची, म्हणजे लोकांची. या १८० मध्ये वऱ्हाडातल्या बौद्ध, मातंग, कोरकू, कैकाडी, तेली-माळ्याच्या घरातली मुलगी किती असतील? व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळेपर्यंतचा खर्च पन्नास लाखांच्या खाली क्वचितच राहतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी उच्च श्रेणी शिक्षण योजना होती, तिच्या जुन्या नियमांत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा होती. पन्नास लाख आणि पावणेचार लाख यांच्यामधले जे अंतर आहे ते शिवणी-बेलोऱ्यापेक्षा कितीतरी मोठे आहे आणि ते कुठलेच विमान आठ मिनिटांत तोडत नाही. सरकारी जमिनीवर केंद्र उभे राहते, तर त्यात राखीव जागा आणि पूर्ण शुल्काची शिष्यवृत्ती हवी, ही मागणी आजच, कागदावर, तारीख घालून केली पाहिजे. दहा वर्षांनी 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

तिसरा वाद वेळेचा आणि तो आम्हाला सगळ्यात जवळचा. अकोल्याच्या माणसाने बेलोऱ्याहून मुंबई गाठायची तर हिशेब असा : मोटारीने दोन तास, विमानाच्या आधी तास-सव्वा तास हजर राहणे, पावणेदोन तास हवेत आणि सांताक्रूझहून मंत्रालयापर्यंत आणखी तास-दीड तास. सहा-साडेसहा तास झाले. स्वतःची मोटार नसेल तर भाड्याची. शिवाय सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीनच दिवस होते. उलट रेल्वे रात्री जेवून बसा, सकाळी उतरा, दिवस बुडत नाही. ज्याच्याकडे आरक्षित डब्याचे तिकीट आहे त्याच्यासाठी तरी रेल्वेच सोयीची. पण ज्याच्याकडे नाही तो जनरल डब्यात चढतो आणि या जनरल डब्याचा हिशेब कोणत्याही विकास आराखड्यात नसतो.

'उडान' योजना २०१६ साली आली तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, असा सवलतीचा दर विमानातल्या काही आसनांसाठी सांगितला गेला. कंपनीला जो तोटा येईल तो सरकारी निधीतून भरून द्यायचा. म्हणजे विमानात बसणाऱ्याच्या तिकिटाला लोकांचा पैसा लागतो. लागू द्या, आमची ना नाही. फक्त त्याच मापाने पुढचे मोजा.

मूर्तिजापूर. शिवणी आणि बेलोरा यांच्या मध्ये, त्या सत्तर किलोमीटरच्या पोटात हे गाव आहे. इथून शकुंतला सुटायची. किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला न्यायला घातलेली नॅरो गेज. एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. १९९४ पर्यंत वाफेवर चालली. बैलगाडीशी तिची शर्यत लागते असे लोक म्हणत, पण तिच्यात बसायला पैसे फार लागत नसत. रिपब्लिकन नेते दादासाहेब गवई यांचे दारापूर याच दर्यापूर भागातले. त्या पट्ट्यातल्या गावांचा दवाखाना, बाजार, कोर्ट, कॉलेज आणि ६ डिसेंबर, सगळे तिच्यावरून होते. स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे रुळांची मालकी विलायती कंपनीकडे राहिली आणि सरकार त्यासाठी पैसे मोजत राहिले. गुलामीचा असा दुसरा नमुना शोधून सापडणार नाही. आणि अखेर गाडी बंद पडली ती मालकी सुटली म्हणून नव्हे, रूळ निकामी झाले म्हणून. दोन्ही फाट्यांवर आता गवत आहे. तिकडे अकोला-खंडवा मीटर गेज २०१७ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत गाडी २०२२ मध्ये पुन्हा धावली, पण मेळघाटच्या पायथ्याची आणि पोटातली कोरकूंची स्टेशने मुकी झाली ती झालीच. वाघाच्या जंगलातून रूळ न्यायचे की वळसा घालून, हा वाद सुरू राहिला. वाघाची काळजी आम्हालाही आहे. पण धारणीच्या बाळंतिणीला अमरावतीपर्यंत घाटातून चार तास लागतात, तेव्हा तिचे चार तास कोणत्या फायलीत लिहितात?

वेळ मोजायचीच म्हटली तर सरकारला फार बारीक मोजता येते. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा, पंचवीस किलोमीटरचा. ७२० माणसांनी रात्रंदिवस काम केले, असे तेव्हा सांगण्यात आले. वऱ्हाडातला मृगाआधीचा उन्हाळा आणि पायाखाली उकळते डांबर! मिनिटे मोजली गेली, तेहतीसची तेहतीस. त्याआधी हाच रस्ता किती वर्षे रखडला, त्या खड्ड्यांत किती मोटारसायकली गेल्या, ते मोजायला गिनीजवाले आले नव्हते. आणि त्या ७२० जणांचे नाव, गाव, मजुरी, विमा? विक्रमाच्या प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव असते.

आता थोडे घरातले. १९९८ च्या लोकसभेत महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून. त्यांपैकी दोन याच रस्त्याच्या दोन टोकांचे. अकोल्याहून बाळासाहेब आंबेडकर, अमरावतीहून दादासाहेब गवई. नव्वद किलोमीटरच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना निळा झेंडा! त्या दिवशी वऱ्हाडात ज्यांनी मिरवणुका काढल्या ते आज साठीला आले असतील. मग काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ऐक्य टिकले नाही. अकोला-अमरावतीचा रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हाही आणि विक्रमी झाला तेव्हाही, या दोन टोकांचे कार्यकर्ते एका गाडीत बसून मुंबईला गेल्याचे आम्ही फारसे पाहिले नाही. म्हणून आमच्या त्या तरुण मित्राच्या वस्तीत विमानतळावरून दोन गट पडले, याचे आम्हाला आश्चर्य वाटले नाही. एकमेकांच्या धावपट्टीची लांबी मोजण्यात दोघे गुंतले आहेत. मजुराचा मोबदला, बिंदुनामावली, राखीव जागा, बंद पडलेली शकुंतला यांचे निवेदन दोन्ही टोकांनी मिळून एकाच कागदावर दिले, तर कलेक्टरला ते बाजूला सारता येणार नाही.

आणि गाडगेबाबा. याच मुलखातला हा फाटक्या गोधडीचा माणूस प्रवासाचा विचार कसा करीत होता? त्याने देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत येणाऱ्या खेड्यातल्या रोग्याच्या नातेवाइकाने रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न त्याला सुचला. २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या मागून चौदाच दिवसांनी, अमरावतीजवळ वलगावच्या रस्त्यावर प्रवासातच त्याचे प्राण गेले. बेलोऱ्याचा विमानतळ बांधणाऱ्यांना आमची एक साधी सूचना आहे : तिथे एस. टी.चा थांबा करा, सावली करा आणि पाण्याचा नळ बसवा. पोरगी किंवा पोरगा पहिल्यांदा विमानात बसतो तेव्हा त्याला पोचवायला घरचे पंधरा जण येतात. ते मोटारीने येत नाहीत.

हे लिहिण्याच्या आधी आम्ही बडनेऱ्याहून अकोल्याला गाडीने आलो. जनरल डबा नागपूर-वर्ध्याहूनच भरून आला होता. ६ डिसेंबरला जादा गाड्या सोडतात तेव्हाही हेच होते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोल्याच्या लोकांना दारात पाय ठेवायला जागा मिळत नाही. आमच्या शेजारी दाराजवळच एक म्हातारी बाई पिशवीवर बसली होती. मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट होते. लेकीला मुंबईला परळच्या दवाखान्यात दाखवून ती आधी अमरावतीला नातेवाइकांकडे गेली होती आणि आता गावी परत चालली होती. आमच्या हातात वर्तमानपत्र होते, त्यात विमानाचा फोटो होता. तिने तो बोटाने दाखवला.

"हे अमरावतीचं इमान का, बापू?"

आम्ही हो म्हणालो.

"मुंबईले किती वेळात नेते?"

पावणेदोन तास, आम्ही सांगितले. तिने तोंडावर पदर धरला. दोन दिवसांपूर्वीचा तिचा प्रवास तिला आठवला असावा. मग थोड्या वेळाने तिने विचारले,

"अन् मूर्तिजापूरले थांबते काय ते?"

नाही थांबत, आम्ही म्हणालो. तोवर मूर्तिजापूर आले. ती पाकीट छातीशी धरून उतरली. पूर्वी इथून ती शकुंतलेत बसून आणखी पुढे जात असे. आता स्टेशनाबाहेर काळी-पिवळी भरेपर्यंत ती किती वेळ उभी राहिली, ते आम्हाला कळले नाही. आमची गाडी सुटली.